तीन गुण कुठे गेले

३ मार्च, सोमवार
नऊशेपैकी सातशे चौऱ्याऐंशी. बँकेतल्या मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. हिरव्या पट्ट्यात ऐटीत उभा असलेला काटा. शाळेत सगळ्या इयत्तांचे माझे गुण एकत्र केले असते तरी इतके भरले नसते. शेजारच्या खुर्चीवरून मुलीने माझ्याकडे असं बघितलं, की मी उगीच चष्मा पुसत बसलो.

ठरलं ते असं. मुलगी आणि जावई फ्लॅट घेतायत. जावयाची नोकरी नवी, म्हणून कर्जाला जामीनदार हवा. जामीनदार मी. सही १६ एप्रिलला. त्या दिवशी बँक माझा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा हा आकडा, पुन्हा तपासणार, साडेसातशेच्या वर असला की झालं. मॅडम म्हणाल्या, "काका, तोवर काही करू नका. आहात तसेच राहा."

मुलीला सहावा महिना. सध्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नव्या बिल्डिंगला दोन लिफ्ट.

मुलीने जाताना माझ्या मोबाइलमध्ये स्कोअरचं अ‍ॅप टाकून दिलं. दर सोमवारी नवा आकडा येतो म्हणे. म्हटलं, मला काय करायचंय सारखं बघून? मग दुकान बंद करेपर्यंत बघत होतो. सातशे चौऱ्याऐंशीच.

दुपारी एक बाई पिशवीत छोटा पंप घेऊन आल्या. परवाच मी त्याचं बेअरिंग बदललं होतं. म्हणे आवाज वेगळा येतोय. टेबलावर चालू केला, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली. ऐकलं. म्हटलं, बाई, नवं बेअरिंग आहे, थोडे दिवस गुणगुणणार. उघडू नका. चालू यंत्र उघडलं की नसलेला बिघाड तयार होतो. बाई समाधानाने गेल्या. गिऱ्हाइकाची भीती घालवणं हा आमचा अर्धा धंदा.

संकल्प: स्कोअर आठशेच्या वर न्यायचा. साडूचा आठशे बारा आहे. परवा जेवताना त्याने तो भाताबरोबर सांगितला, आमटीबरोबर सांगितला, आणि हात धुतानाही सांगितला.

१० मार्च, सोमवार. सकाळी
सातशे एक्क्याऐंशी.

दुपारी
अजून सातशे एक्क्याऐंशी. मोबाइल बंद करून चालू केला. तेच.

तीन गुण. नेले कुणी? आठवडाभर मी केलं काय? दुकान, घर, दुकान. कुणाचं देणं थकवलं नाही. कुणाशी भांडलो नाही. (एकदा भांडलो, स्कूटर लावण्यावरून, शेजारच्या चष्मेवाल्याशी. पण ते स्कोअरवाल्यांना कोण कळवणार? चष्मेवाला कळवेल. तो तसा आहे.)

हातपाय गार पडलेत. हिने विचारलं, बरं वाटत नाही का. म्हटलं, ऊन लागलं. ही म्हणाली, दुकानात बसून?

आवाज बदलला म्हणजे आत काहीतरी झालेलं असतं. हे मला कुणी शिकवायला नको. रस्त्याच्या कडेला एक पेटी घेऊन बसायचो तेव्हापासून ह्या कानांवरच जगलोय.

११ मार्च, मंगळवार
बँकेत गेलो. मॅडमनी विचारलं, महिन्याच्या सुरुवातीला कार्डावर मोठी खरेदी केली होती का. केली होती. मोटरी भरायला लागते ती तांब्याची तार, दोन मोठी रिळं. मॅडम म्हणाल्या, मग तेच. बँकेकडून स्कोअरवाल्यांकडे माहिती गेली त्या दिवशी कार्डावर बाकी जास्त दिसली, म्हणून तीन कमी झाले. बिल भरलं की आपोआप वर येतील. जेवून वजनकाट्यावर उभं राहिलं तर काटा जरा पुढे जातोच, तसं समजा. एवढ्या तेवढ्या चढउताराला बँकेत कुणी विचारत नाही.

"काका, घरी जा. चहा घ्या."

हसलो. बाहेर येऊन पायरीवर बसलो. फार गोड बोलतात त्या. डॉक्टरही आधी असंच गोड बोलतात.

पण रांगेत माझे कान उघडे होते. माझ्या पुढचा माणूस त्याच्या मित्राला सांगत होता, "सारखा बघितला ना, की उतरतो." पुढचं बोलण्याआधी त्याचा नंबर लागला. तेवढं पुरे. मला इशारा लागतो, व्याख्यान नाही. बघितल्याने उतरतो! आणि मी तर बघण्याशिवाय दुसरं काही करतच नव्हतो.

संकल्प: अ‍ॅप उघडायचं नाही. मेलो तरी.

१३ मार्च, गुरुवार
उघडलं नाही. हिला उघडायला सांगितलं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. ही म्हणाली, एक्क्याऐंशी. मग म्हणाली, अहो, तो सोमवारी बदलतो ना? आज गुरुवार आहे. आणि भिंतीत काय बघताय?

यापुढे हिला सांगायचं नाही. हिला विषयाचं गांभीर्य नाही.

१५ मार्च, शनिवार
साडू आला. आमच्या साडूला यायला कारण लागत नाही, जायला लागतं. मी सहज विषय काढला. म्हटलं, आमच्या एका गिऱ्हाइकाचा स्कोअर तीनने उतरलाय, बिचारा घाबरलाय. साडू म्हणाला, गिऱ्हाइकाला सांगा, शांत राहा. त्याचा मागे एकदा सहाने उतरला होता. तो स्वस्थ बसून राहिला, तर सातने चढला.

खोटं. स्वस्थ बसून कुणाचं काही चढत नाही. मी बसून राहिलो असतो तर अजून रस्त्याच्या कडेलाच असतो. माणूस खरी युक्ती दाबून ठेवतोय. पण मीही कच्चा नाही. बोलू दिलं, चहा दुसऱ्यांदा सांगितला, आणि निघालंच तोंडून. म्हणाला, माझं कसंय साडूभाऊ, एकच कार्ड, नोकरीला लागल्यापासून तेच.

एकच कार्ड! माझी दोन आहेत. सापडला बिघाड.

साडू जाताना हिला म्हणाला, गिऱ्हाइकाला सांभाळा ताई. का म्हणाला कोण जाणे.

१७ मार्च, सोमवार
नवा आकडा आला असणार. बघितला नाही. मोबाइल डब्यांच्या फळीवर ठेवला आणि स्टूल लपवलं.

दुकानातल्या फोनवरून जुनं कार्ड बंद करून टाकलं. दुकान उघडलं त्या वर्षी मिळालेलं, पहिलंवहिलं. हल्ली वापरत नव्हतो, नुसतं पडून. पडून राहिलेल्या यंत्राला गंज चढतो. फोनवरची बाई दोनदोनदा विचारत होती, सर, इतकं जुनं कार्ड, नक्की बंद करायचंय का? म्हटलं, नक्की. कात्रीने तुकडे केले. फार हलकं वाटलं.

२० मार्च, गुरुवार
आज डोकं चाललं. मी बघितला की उतरतो ना? मग मी कशाला बघू? दुसऱ्यांना बघू दे. ते सांगतील कसा आहे ते.

कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती मोबाइलवर येतच असतात. चष्मेवाल्याला त्रास वाटतो, मी त्यांना साधन समजतो. स्टूल शोधून मोबाइल खाली उतरवला आणि पाच ठिकाणी अर्ज केले. कर्ज घ्यायचंय कुणाला! पण अर्ज केल्याशिवाय ते आपली फाइल उघडून बघत नाहीत आणि व्याजाचा दर सांगत नाहीत. संध्याकाळपर्यंत पाचही ठिकाणांहून अभिनंदनाचे मेसेज. माझ्या लग्नात इतकी अभिनंदनं झाली नव्हती.

म्हणजे तब्येत उत्तम. जेवण गेलं. स्टूल जागेवर ठेवलं.

२४ मार्च, सोमवार
पाच अभिनंदनांनंतर बघायला हरकत नव्हती.

सातशे सहासष्ट.

गिऱ्हाईक आलं, मोटर ठेवून गेलं, कुणाची ते विचारलं नाही. ती मोटर आता माझ्याकडे बघतेय.

तेवढ्यात मुलीचा फोन. पडदे कुठल्या रंगाचे घेऊ विचारत होती. म्हटलं, घे कुठलेही. मग म्हणाली, जिन्यात आता तिसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं, दम लागतो. तिथल्या आजींनी तिच्यासाठी दाराबाहेर एक स्टूल ठेवलंय. हसत सांगत होती. मला हसता आलं नाही. लाइन खराब आहे म्हणून फोन ठेवला.

२६ मार्च, बुधवार
पूर्ण विचारांती: दोष ऑटो-पेचा. कार्डाचं बिल दर महिन्याला खात्यातून आपोआप कापलं जातं. माणूस झोपलेला असला तरी कापलं जातं. बँकेला कसं कळणार की इकडे एक जागा, जबाबदार माणूस आहे? बंद केलं ऑटो-पे. आता रोज सकाळी स्वतःच्या बोटाने थोडे थोडे भरणार. रोज नाव दिसलं की ओळख वाढते. दुकानाची पहिली गिऱ्हाइकं मी अशीच जोडली. रोज जाऊन उभा राहायचो.

यंत्रावर विसंबून राहू नये. मी यंत्रं दुरुस्त करतो, मला माहीत आहे.

३१ मार्च, सोमवार
सातशे एकसष्ट. घाबरण्यासारखं नाही. उलट नीट बघितलं तर सुधारणा आहे. मागच्या वेळी धाडकन पंधरा, या वेळी फक्त पाच. उताराचा वेग कमी होतोय. मधे दोन सोमवार. पाच आणि पाच दहा. सातशे एक्कावन्न. हवेत साडेसातशेच्या वर.

एक गुण शिल्लक राहतो. हिशोब दोनदा केला. राहतो.

कर्ज कंपन्यांचे फोन येतात. पाच होत्या, आता मी कधी नावं न ऐकलेल्यांचेही येतात. एक माणूस तर दुकानात येऊन बसला. त्याला म्हटलं, मालक बाहेर गेलेत.

७ एप्रिल, सोमवार
सातशे सत्तावन्न! चारच उतरले. माझ्या हिशोबापेक्षा एक कमी. मोटर सुरात आली. सहीसाठी नवा शर्ट घेतला, निळा, बारीक रेघांचा. ही म्हणाली, सहीच करायचीय ना, की फोटो लागणार आहे पेपरात. म्हटलं, जामीनदाराकडे बघून विश्वास वाटला पाहिजे. हिने शर्टाची किंमत बघून घेतली फक्त.

रोजचे पैसे न चुकता भरतोय. आता सकाळी दात घासण्याच्या आधी भरतो.

९ एप्रिल, बुधवार. सकाळी
बँकेचा मेसेज. कार्डाचं बिल थकलंय, तारीख उलटून गेली. हसलो. कुणा दुसऱ्याचा मेसेज माझ्याकडे आला असणार. मी तर रोज भरतोय.

दुपारी
माझाच आहे.

मोबाइलमध्ये पैसे भरायच्या यादीत जुनं कार्ड वर आहे आणि चालू कार्ड खाली. मी रोज सकाळी वरच्याला भरत होतो. ज्याचे तुकडे केले, त्याला. चष्मा न लावता.

ताबडतोब सगळं बिल भरलं, दंडासकट. फोनवरच्या बाईंना विचारलं, उशिराची नोंद झाली का. म्हणाल्या, आत्ता सांगता येणार नाही, सर. तीच बाई असावी. आवाज मी विसरत नाही. तिने जुन्या कार्डाचा विषय काढला नाही, सभ्य आहे.

छातीत कसंतरी व्हायला लागलं. दुकानात मी एकटाच. मान वाकडी करून स्क्रूड्रायव्हरचं टोक छातीवर टेकवलं, मूठ कानाला लावली. बेअरिंग गेल्यासारखा आवाज. नेमकी ही डबा घेऊन आली. दारात उभी राहून म्हणाली, काय ऐकताय?

सगळं सांगितलं. तीन गुण, कार्ड, अर्ज, ऑटो-पे. सांगता सांगता मलाच ते फार लांबलचक वाटायला लागलं. हिने डबा उघडून पुढे ठेवला. म्हणाली, "नवीन बेअरिंगवाल्यांना काय सांगता हो तुम्ही? मला पाठ आहे ते." एवढंच. वर म्हणाली, मुलीला सांगा. आजच.

म्हटलं, सोमवारचा आकडा येऊ दे. बँका इतक्या तडकाफडकी कळवत नाहीत. बँकांची कामं कशी चालतात मला ठाऊक आहे.

१४ एप्रिल, सोमवार
सातशे एकोणचाळीस.

कळवलं. तडकाफडकी.

१५ एप्रिल, मंगळवार
मुलीकडे गेलो. बोलायचं सगळं पाठ करून ठेवलं होतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत आलो आणि ते स्टूल दिसलं. लाकडी, एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी सारलेली. त्याच्यावर बसलो.

किती वेळ बसलो माहीत नाही. मुलगीच खाली उतरली, कठडा धरून, एकेक पायरी. पिशवी हातात. मला बघून घाबरली. बाबा, इथे का बसलात?

सांगितलं. पाठ केलेलं सगळं विसरलो, नुसता आकडा सांगितला. ती पायरीवर बसली. मी उठून स्टूल पुढे केलं, पण ती पायरीवरच बसून राहिली. मग म्हणाली, "बाबा, माझ्यासाठीच केलंत, कळतंय मला. पण मॅडमनी तुम्हाला एकच काम दिलं होतं. काही न करण्याचं."

आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं.

पिशवी मी घेतली. दोन्ही मजले तिच्या मागे मागे चढलो, खालच्या पायरीवरून. पडलीच तर मी असावं म्हणून.

चौथ्या मजल्यावर जावयाने मला पाणी दिलं आणि हवापाण्याच्या गोष्टी केल्या. चांगला मुलगा आहे.

(मजला एकच होता. तिसऱ्यावरून चौथा. दोन वाटले.)

१६ एप्रिल, बुधवार
बँक. नवा शर्ट घातला नाही.

मॅडमनी पडदा वळवला. या वेळी नुसता काटा नाही, आख्खा आलेख. माझा सगळा मार्च आणि अर्धा एप्रिल, जिन्यासारखा उतरत गेलेला. पण उतरण्याआधी एक टेकाड होतं. मी बोट ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "ते १७ मार्चचं. सातशे पंच्याऐंशी. म्हटलं होतं ना काका, आपोआप वर येईल."

सतरा मार्च. मी स्टूल लपवलं तो दिवस. त्याच दुपारी कार्ड कापलं.

मग मॅडमनी शांतपणे सांगितलं. जुनं कार्ड म्हणजे जुनी ओळख, ते बंद केलं की स्कोअर उतरतो. आपण स्वतः कितीही वेळा बघितला तरी काही होत नाही. कर्जाच्या अर्जावरून कंपन्या बघतात, तेव्हा उतरतो. रांगेतला तो माणूस नंबर लागल्यामुळे एवढंच सांगायचा राहिला होता.

म्हटलं, अकराच कमी पडतायत, बाई. ओळखीत चालवून घ्या. त्या म्हणाल्या, काका, तीनची गोष्ट वेगळी होती. ह्यात बिल थकल्याची नोंद आहे.

मग दार उघडलं आणि साडू आला. निळा शर्ट, बारीक रेघांचा. हिने सोमवारीच फोन केला होता त्याला. स्वतःचं पेन घेऊन आला होता. जामीनदाराच्या जागी सही केली, खाली रेघ मारली, रेघेखाली दोन टिंबं दिली. आणि माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच, म्हणजे कॅशियरलाही ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, असू दे साडूभाऊ. गिऱ्हाइकाला सांगा, अशी वेळ कुणावरही येते.

मुलीने त्याला वाकून नमस्कार करायला घेतला. पोट मधे आलं. साडू म्हणाला, राहू दे, राहू दे. मी खिडकीबाहेर बघत होतो. तिथे काही नव्हतं.

घर मिळालं. तेवढं पुरे. हे वाक्य दिवसभर म्हणतोय.

१९ मे, सोमवार
नव्या घरी सगळे जमलो. सहावा मजला. लिफ्टचं बटण साडूने दाबलं, आणि वर जाईपर्यंत लिफ्ट कशी चालते ते मला समजावून सांगितलं. मला. मुलगी लिफ्टमध्ये पाठ टेकवून उभी होती. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर काही घाई नाही. ते बघितलं आणि साडूचं बोलणं ऐकू यायचं बंद झालं. हे कान पहिल्यांदाच असे वागले.

ते आखूड पायाचं स्टूल तिने त्या आजींना परत करताना त्याला नवा पाय बसवून दिला. माझ्याकडूनच बसवून घेतला. काम नीट झालं.

जेवणं झाल्यावर गॅलरीत उभा होतो. खालून बिल्डिंगच्या पंपाचा आवाज आला. थोडा खरखरतोय. फार नाही. माझा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरवर गेला. मुलगी आत भांडी आवरत होती, माझ्याकडे पाठ करून. न वळता म्हणाली, "बाबा, नाही."

हात बाहेर काढला.

महिनाभर मी काहीही केलेलं नाही. अर्ज नाही, कार्ड नाही, ऑटो-पे हिने पुन्हा चालू करून दिलंय. अ‍ॅपसुद्धा उघडलं नव्हतं. आज घरी आल्यावर सहज उघडलं. सोमवार आहे म्हणून.

सातशे अठ्ठेचाळीस.

नऊने वाढला. मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. मग वाढला का? आपोआप काही वाढत नसतं. आत काहीतरी बिघडलेलं आहे.

उद्या बँक उघडली की जातो.